हद्द, अधिकारक्षेत्र की अधिकारिता?

सोलापूरहून विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: “‘भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही’ असे वाक्य वाचनात आले. ते बरोबर आहे का? आणि अशा ठिकाणी हद्द, अधिकारक्षेत्र, अधिकारिता यांपैकी कोणता शब्द वापरावा?”

शब्द ‘अधिकारिता’ वापरावा. वाक्य मात्र अर्धेच खरे आहे, आणि ते अर्धे राहते याला ‘क्षेत्र’ हा शब्द बराचसा कारणीभूत आहे.

‘हद्द’ हा पोलिसांचा शब्द. फौजदार चावडी, जेलरोड, विजापूर नाका, कुठल्याही ठाण्याची हद्द नकाशावर रेघ मारून दाखवता येते. ‘अधिकारक्षेत्र’ही अशाच ठिकाणी शोभतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याचे अधिकारक्षेत्र, असे म्हटले की शंका उरत नाही. जिल्हा यादीत आहे किंवा नाही, एवढाच तिथे प्रश्न असतो.

‘अधिकारिता’ म्हणजे खटला चालवण्याचा कायदेशीर अधिकार, मग तो जागेमुळे मिळालेला असो वा दुसऱ्या कशामुळे. संविधानाच्या मराठी पाठात ‘अपिली अधिकारिता’ आहे, तिथे ‘अपिली क्षेत्र’ म्हणून चालणार नाही. (हिंदीत ‘सामाजिक न्याय एवं अधिकारिता मंत्रालय’ असते, तिथला अर्थ सक्षमीकरण. तो मराठीत आणू नये.)

आता आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे वळू. ते नेदरलँड्समधल्या हेगला आहे. ज्या कराराने ते स्थापन झाले तो रोम करार १७ जुलै १९९८ रोजी स्वीकारला गेला आणि १ जुलै २००२ पासून अमलात आला. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा, एवढे चारच प्रकार तिथे चालतात. कराराच्या १२ व्या अनुच्छेदात दोन दारे आहेत: गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला असावा, किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा. दोन्हींपैकी एक पुरेसे आहे. सदस्य नसलेला देशही घोषणा करून ठरावीक प्रकरणापुरती अधिकारिता मान्य करू शकतो. युक्रेनने २०१४ आणि २०१५ मध्ये तसे केले, सदस्य तो २०२५ मध्ये झाला. याशिवाय संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद प्रकरण सोपवू शकते, तेव्हा देश सदस्य असण्याचीही गरज नाही. सुदान (२००५) आणि लिबिया (२०११) सदस्य नसतानाही असेच न्यायालयापुढे आले.

‘क्षेत्रा’ची कल्पना सर्वांत जास्त कुठे तोकडी पडते, ते रोहिंग्यांच्या प्रकरणात दिसते. म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश २०१० पासून आहे. लोकांना हुसकावण्याचे काम म्यानमारमध्ये सुरू झाले, पण हद्दपारीचा गुन्हा सीमा ओलांडली तेव्हा, म्हणजे बांगलादेशाच्या भूमीवर, पूर्ण झाला. गुन्ह्याचा एक भाग सदस्य देशात घडला म्हणून अधिकारिता आहे, असे न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. सोलापूरच्या वकिलांना हा विचार नवा वाटू नये. अक्कलकोट तालुक्यात सुरू झालेली मारहाण कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यात संपली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९८ प्रमाणे दोन्हीकडच्या न्यायालयांना खटला चालवता येतो.

काळाचेही बंधन आहे. फिलिपिन्स मार्च २०१९ मध्ये करारातून बाहेर पडला, तरी माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मार्च २०२५ मध्ये अटक होऊन हेगला नेण्यात आले. आरोप सदस्यत्वाच्या काळातल्या घटनांचे आहेत. देश ‘क्षेत्रातून’ गेला, अधिकारिता राहिली.

भारताबद्दल: १९९८ च्या मतदानात १२० देश बाजूने आणि ७ विरोधात होते. भारत तटस्थ राहिलेल्या २१ देशांमध्ये होता. भारताने करारावर स्वाक्षरीही केलेली नाही. म्हणून भारताच्या भूमीवर भारतीयाने केलेल्या कृत्यावर एरवी या न्यायालयाची अधिकारिता नाही. पण तोच भारतीय बांगलादेशात किंवा अफगाणिस्तानात युद्धगुन्हा करील, तर आहे, कारण ते दोन्ही देश करारात आहेत. अपवाद आक्रमणाच्या गुन्ह्याचा: तिथे सुरक्षा परिषदेने प्रकरण सोपवल्याशिवाय सदस्य नसलेल्या देशाच्या नागरिकावर खटला चालत नाही. तेव्हा मूळ वाक्य असे लिहावे: ‘भारत रोम कराराचा सदस्य नाही, त्यामुळे भारतात भारतीयांनी केलेल्या कृत्यांवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला सहसा अधिकारिता नाही.’ लांब आहे, पण अचूक आहे. ‘सहसा’ गाळू नये, तो सुरक्षा परिषदेसाठी आहे.

‘फौजदारी’ हा शब्दही गाळू नये. कुलभूषण जाधव यांचे प्रकरण (निकाल जुलै २०१९) चालले ते आंतरराष्ट्रीय न्यायालयात. तेही हेगलाच आहे, पण तिथे देश विरुद्ध देश असा दावा असतो. फौजदारी न्यायालयात आरोपी नेहमी व्यक्ती असते. ‘न्यायालयाने रशियाविरुद्ध वॉरंट काढले’ हे चूक, मार्च २०२३ चे वॉरंट पुतिन यांच्या नावाचे आहे. तसेच ‘स्वाक्षरी’ आणि ‘अनुसमर्थन’ (स्वाक्षरीनंतर देशाने करार स्वतःवर बंधनकारक म्हणून औपचारिकपणे स्वीकारणे) एक मानू नयेत. अमेरिकेने २००० मध्ये स्वाक्षरी केली, अनुसमर्थन कधीच केले नाही, म्हणून ती सदस्य नाही.

शेवटची गल्लत अधिकारिता आणि अंमलबजावणीची. या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, अटक सदस्य देशांनी करायची असते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन सदस्य असलेल्या मंगोलियात गेले आणि परतले. त्यावर ‘न्यायालयाचा अधिकार तिथे चालत नाही’ असे लिहिणे चूक. अधिकारिता होतीच, मंगोलियाने अटकेचे बंधन पाळले नाही, आणि न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तसा निर्णयही दिला.