तुमचे प्रश्न : तीनशेतीनचा आवाज आला, पण चाल येईना

या वेळी बहुतेक सगळी पत्रं एकाच विषयावर आलीत, जुन्या हार्डवेअर सिक्वेन्सरच्या, म्हणजे भरून ठेवलेली चाल आणि ठेका आपोआप वाजवणाऱ्या यंत्रांच्या, सॉफ्टवेअर नकला. मला हा विषय फार जवळचा आहे त्यामुळे उत्तरं लांबलीत, आणि पहिलं तर जरा जास्तच लांबलंय. पत्रं थोडी कापून घेतलीत.

प्रश्न, सांगलीहून : ताई, मी कॉलेजला आहे. लॅपटॉपवर रोलंडच्या टीबी-३०३ या जुन्या बेस मशीनची फुकट नक्कल टाकलीये, जेसी-३०३. आवाज भारी आहे, फिल्टरचा कटऑफ, म्हणजे आवाजातला चिरका भाग किती जाऊ द्यायचा तो नॉब, फिरवला की तो चिरका सूर पण निघतो. पण पियानो रोलमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या जाळीत, नोट्स मांडल्या की साधी बेसलाइन वाटते, क्लबमधल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीतातलं अ‍ॅसिड वाटतच नाही. पैसे देऊन दुसरं प्लगइन घेऊ का?

उत्तर : अजिबात नको घेऊस. तुझ्याकडे जे आहे ते चांगलंय, रॉबिन श्मिट यांच्या ओपन३०३ या खुल्या कोडवर ते उभं आहे आणि आवाजात त्याला फारसं नाव ठेवता येत नाही. अडलंय ते आवाजात नाही, सिक्वेन्सरमध्ये अडलंय. लोक तीनशेतीनला सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारं वाद्य, समजतात पण ते आधी सिक्वेन्सर आहे आणि मग सिंथ, आणि नकला करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं जीव काढला तो फिल्टरवर. सिक्वेन्सर मात्र बऱ्याच जणांनी "सोपा" करून टाकला आणि नेमकी तिथंच चाल गेली.

मूळ मशीनमध्ये काय व्हायचं ते बघ. रोलंडच्या तादाओ किकुमोतो यांनी ते डिझाइन केलं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आलं, एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस हवा म्हणून. खपलं नाही, १९८४ पर्यंत बंदही झालं. त्यात पॅटर्न भरायचा तो दोन खेपांत. आधी पिच मोड, म्हणजे नुसते स्वर एकामागून एक दाबत जायचे, ठेका नाही, थांबणं नाही, फक्त यादी. मग टाइम मोड, तिथं स्वरांचं नावच नाही, प्रत्येक स्टेपला, म्हणजे ठेक्याच्या एकेक घराला, एवढंच सांगायचं की नोट वाजव, आधीची लांबव किंवा गप्प बस. वाजवताना मशीन काय करतं, तर टाइमच्या रांगेत जिथं जिथं "वाजव" आहे तिथं स्वरांच्या यादीतला पुढचा स्वर टाकतं.

समज यादी आहे सा ग म ध नि, आणि ठेका आहे वाजव, वाजव, गप्प, वाजव, वाजव. म्हणजे पहिल्या स्टेपला सा, दुसऱ्याला ग, चौथ्याला म, पाचव्याला ध. आता दुसरी स्टेप गप्प कर. पियानो रोलमध्ये काय होईल, ग उडेल, बाकी सगळं जागच्या जागी. तीनशेतीनमध्ये ग उडत नाही, तो चौथ्या स्टेपवर जातो, म पाचव्यावर जातो, आणि पुढची अख्खी चाल एकेक घर सरकते. एक बटण दाबलं आणि नवीनच चाल हातात आली, जी तू डोक्यानं कधीच लिहिली नसतीस! शिकागोच्या फ्यूचर ग्रुपनं १९८७ मध्ये जे अ‍ॅसिड हाउस लोकांसमोर आणलं त्यातल्या त्या विचित्र, कुठंतरी चुकल्यासारख्या पण सोडवत नाही अशा चालींमागे नॉब फिरवणं तर आहेच, पण स्वर आणि ठेका असे वेगवेगळे ठेवणारं हे डोकंही आहे असं माझं ठाम मत आहे.

तर तुझ्यासाठी उपाय फुकटचा आहे. कागद घे. एका ओळीत स्वर लिही, दुसऱ्या ओळीत सोळा चौकटी काढून ठेका लिही, आणि मग दोन्ही जुळवून पियानो रोलमध्ये भर. ठेक्यातली एक चौकट बदललीस की स्वर परत पहिल्यापासून ओतायचे. कंटाळवाणं वाटेल पण दोन-चार पॅटर्न असे कर आणि फरक ऐक.

याच्या जोडीला तीन गोष्टी. नोट स्टेपभर लांब काढू नकोस, मूळ मशीन साधी नोट साधारण अर्धी स्टेप वाजवून सोडून देतं आणि त्या रिकाम्या अर्ध्यातच सगळी उडी आहे. स्लाइड हवी असेल तिथं मात्र नोट पुढच्या नोटवर थोडी चढव, म्हणजे एक नोट दुसरीवर आली की प्लगइन घसरतं. आणि अ‍ॅक्सेंट व्हेलॉसिटीवरून, म्हणजे नोटच्या जोरावरून, घेतला जातो, साधारण शंभरच्या वर गेलास की लागतो, आकडा प्लगइनगणिक बदलतो तेव्हा तपासून घे. अ‍ॅक्सेंट म्हणजे नुसता आवाज मोठा नाही हं, फिल्टरही जास्त उघडतो आणि डीके, म्हणजे तो परत मिटायचा वेळ, आखूड होतो. त्यात अजून एक गंमत आहे, सलग स्टेपवर अ‍ॅक्सेंट दिला तर मूळ सर्किटमधला कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत परत भरतो, त्यामुळे फिल्टर दर वेळी आधीपेक्षा वर चढतो. नक्कल चांगली की साधारण हे मला तपासायचं असतं तेव्हा मी आधी हेच करते, सलग चार अ‍ॅक्सेंट, रेझोनन्स (कटऑफपाशी फिल्टर किती किंचाळतो तो नॉब) फुल्ल. चारही सारखेच वाजले तर ते प्लगइन मी बंद करते.

प्रश्न, डोंबिवलीहून : अ‍ॅसिड हाउस खरं तर मुंबईत जन्मलं असं मित्र सांगतात, चरणजीत सिंग यांचं नाव घेतात. हे खरंय का, की आपलं उगाच?

उत्तर : रेकॉर्ड खरी आहे. चरणजीत सिंग हे मुंबईच्या हिंदी फिल्म इंडस्ट्रीतले सेशन म्युझिशियन. १९८२ मध्ये त्यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर बांधून एक एलपी काढली आणि त्यात वापरलं काय, तर टीबी-३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ. म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा ती फारशी चालली नाही, २०१० मध्ये एका डच लेबलनं परत काढली तेव्हा जगभर चर्चा झाली, म्हाताऱ्या वयात त्यांनी युरोपात कार्यक्रमही केले, २०१५ मध्ये ते गेले.

पण "जन्म" म्हणायला मी तयार नाही. शिकागोच्या पोरांनी ती ऐकून काही केलं असा काही धागा नाही, दोघांच्या हाती एकच मशीन आलं आणि दोघं स्वतंत्रपणे तिथं पोचले. आणि माझ्या मते यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही, उलट वाढतं. कारण बघा, एक ड्रोन, ठरलेले पाच-सात स्वर, एकाच आवर्तनात फिरत राहणारी चाल, आणि दर फेरीला रंग थोडा बदलायचा, हे सगळं राग वाजवणाऱ्याला आधीच माहीत असतं. सिक्वेन्सरला तेच हवं असतं. ज्याला हे मशीन शिकायचंय त्यानं ती रेकॉर्ड कानाला लावून एकेक पॅटर्न उतरवून काढावा, त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

फक्त स्लाइडला मींड समजू नका. तीनशेतीनची स्लाइड टेम्पो कितीही असो तेवढ्याच वेळात होते, मिलिसेकंदांत साठच्या आसपास, आणि स्वरांतलं अंतर लहान असो की मोठं तिला फरक पडत नाही. मींड घेणारा मधल्या श्रुतीवर रेंगाळतो, ते इथं होणार नाही.

प्रश्न, साताऱ्याहून : मी ढोलकीचे तुकडे सॅम्पल करून बीट बनवतो. सगळे म्हणतात खऱ्या एमपीसीचा (पॅडवर वाजवायच्या सॅम्पल मशीनचा) स्विंग, म्हणजे झुलता ठेका, सॉफ्टवेअरला येत नाही. जुनी एमपीसी शोधू का?

उत्तर : हार्डवेअर हाताला आवडत असेल तर जरूर शोधा, पॅडवर वाजवायची मजा वेगळीच आहे. पण स्विंगसाठी नको. रॉजर लिन यांनी हा स्विंग आधी आपल्या ड्रम मशीनमध्ये आणला आणि मग अकाईच्या एमपीसी-६० मध्ये, १९८८ साली. आणि त्यात गूढ काही नाही हे ते स्वतःच सांगत आलेत. प्रत्येक जोडीतली दुसरी सोळावी नोट उशिरा वाजवायची, बस. एमपीसी-६० एका क्वार्टर नोटचे ९६ भाग करते, म्हणजे दोन सोळाव्यांना मिळून ४८ भाग. ५० टक्के म्हणजे दुसरी नोट बरोबर मध्ये, २४ व्या भागावर. ५४ टक्के केलं की २६ व्या भागावर, म्हणजे जेमतेम दोन भाग मागे, आणि तेवढ्यानं डोकं डोलायला लागतं. ६६ च्या आसपास गेलं की सरळ ट्रिपलेट. हे गणित कुठलंही सॉफ्टवेअर करतं, एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये तर एमपीसीच्या नावानंच ग्रूव्ह, म्हणजे झुकणीचे तयार साचे, दिलेत, आणि अकाईचं स्वतःचं एमपीसी बीट्स फुकट मिळतं.

मग जुन्या मशीनवर वेगळं का वाटतं? एक तर ती १२ बिटला सॅम्पल करायची, त्यात आवाजाला धार येते आणि धारदार आवाजाचा ठेका जास्त ठाशीव वाटतो. दुसरं, जागा कमी म्हणून लोक सॅम्पल अगदी आखूड कापायचे. तुम्ही पण ढोलकीचा ठोका कापताना मागची घुमक निम्मी करून बघा आणि मग स्विंग ५४ ते ५८ च्या मध्ये ठेवा.

एक मात्र सांगते, ढोलकीचा तुकडा जर वाजवणाऱ्यानं सलग वाजवलेला असेल तर त्यावर परत स्विंग चढवू नका. त्याची झुकण त्याच्या हातात आहे, ती दर जोडीला सारखी नसते, टक्केवारी लावलीत की ती सपाट होते. अशा वेळी उलटं करा, तुकड्यातनं ग्रूव्ह काढून घ्या आणि तो बाकीच्या वाद्यांना लावा.

प्रश्न, पणजीहून : रीबर्थ नावाचं जुनं सॉफ्टवेअर कुठं मिळेल? ते ३०३ चं खरं पहिलं सॉफ्टवेअर ना?

उत्तर : लोकांच्या हाती पोचलेलं पहिलं गाजलेलं म्हणा. स्टॉकहोमच्या प्रोपेलरहेडनं १९९७ च्या सुमारास काढलं, दोन ३०३ आणि एक ८०८ एकाच स्क्रीनवर, पुढच्या आवृत्तीत ९०९ हे ड्रम मशीन पण आलं. घरच्या साध्या कॉम्प्युटरवर हे चालतंय यावर तेव्हा लोकांचा विश्वास बसत नव्हता. २००५ मध्ये कंपनीनं ते थांबवून फुकट वाटलं, २०१० मध्ये आयपॅडवर आणलं आणि २०१७ मध्ये रोलंडनं हक्कांवर बोट ठेवल्यावर काढून घेतलं. आता कुठल्याही भलत्या ठिकाणाहून उतरवू नका, नव्या सिस्टिमवर ते धड चालणारही नाही आणि सोबत काय येईल सांगता येत नाही. त्यातही पिच मोड-टाइम मोड नव्हताच, स्टेप बाय स्टेप भरायचं. जेसी-३०३ सोबत व्हीसीव्ही रॅक या, स्क्रीनवर सुटे भाग जोडायच्या सिंथची फुकट आवृत्ती घ्या, त्यात जुन्या मूग सिंथच्या पद्धतीचे आठ स्टेपचे सिक्वेन्सर स्वतः तारा जोडून उभे करता येतात, शिकायला त्याहून चांगलं काही नाही.

प्रश्न, नागपूरहून : सोळा स्टेपमध्ये रूपक कसा बसवायचा? आणि तीनतालाला तरी सोळा मात्रा आहेत म्हणजे तो आपोआप बसतो ना?

उत्तर : गंमत म्हणजे तीनतालच नीट बसत नाही आणि रूपक छान बसतो. एका मात्रेला एकच स्टेप दिलीत तर तीनताल सोळात मावेल खरा, पण मात्रेच्या आत काहीच करता येणार नाही, नुसता सांगाडा. मात्रेला चार स्टेप द्या, म्हणजे चौसष्ट झाल्या, चार पॅटर्न साखळीत लावा. दर पॅटर्न एक विभाग, तिसऱ्यात खाली, तिथं बेस काढून टाका, ऐकणाऱ्याला सम आपोआप कळते.

रूपकाला सात मात्रा, मात्रेला दोन स्टेप, चौदा. पॅटर्नची लांबी चौदा करा, मूळ मशीनलाही लांबी कमी करता यायची आणि बहुतेक नकलांमध्ये शेवटची स्टेप ठरवायची सोय असते. आणि हे करून बघाच : बेस सात स्टेपचा ठेवा आणि ड्रम सोळाचा. दोघं परत समेवर एकत्र येतात ते ११२ स्टेपनंतर, म्हणजे ड्रमची सात आवर्तनं आणि बेसची सोळा. तिहाई बसवल्यासारखा तो मिळण्याचा क्षण येतो आणि तुम्ही काहीच वेगळं लिहिलेलं नसतं.

प्रश्न, पुण्याहून : प्लगइनच्या सिक्वेन्सरवरून बाहेरचा सिंथ वाजवला की ठेका डळमळतो. कॉम्प्युटर हळू आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. प्लगइन आत वाजतं तेव्हा नोट सॅम्पलवर मोजून बसते, तिथं चूक होत नाही. बाहेर जाताना मिडीची, म्हणजे वाद्यांना नोटचे हुकूम पोचवणारी, तार लागते आणि ती सेकंदाला ३१,२५० बिटचीच आहे, १९८३ पासून. एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे एकाच तारेत दहा नोट एकदम सोडल्यात तर शेवटची दहा मिलिसेकंद मागे. ड्रम वेगळ्या पोर्टवरून काढा किंवा यादीत सगळ्यात वर ठेवा. शिवाय ऑडिओ बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवायचा तुकडा) ५१२ सॅम्पलचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला तो एकटाच साडेअकरा मिलिसेकंदांचा होतो, १२८ वर आणा. त्यानंतरही सगळं सारख्याच अंतरानं मागे पडत असेल तर तो जिटर, म्हणजे डळमळ, नाही, नुसता उशीर आहे, सेटिंगमध्ये तेवढा ऑफसेट वजा करा की झालं.

प्रश्न, परत सांगलीहून, दुसऱ्या वाचकाचा : बॅटरी काढली की तीनशेतीन स्वतःच नवे पॅटर्न बनवायचं म्हणे. सॉफ्टवेअरमध्ये ते कसं करू?

उत्तर : मेमरी बॅटरीवर टिकायची, वीज गेली की आतले आकडे विस्कटायचे आणि चालू केल्यावर भलतंच काही वाजायचं, त्यातलं लोक आवडीनं वापरायचे. प्लगइनमध्ये रँडम बटण असतं तेच हे काम करतं, पण नुसतं दाबत बसलात तर तासभर जातो आणि हाती काही लागत नाही. आधी स्वर बांधून घ्या, समजा मालकंसाचे पाच. मग फक्त स्वर रँडम करा, ठेका तुमचाच ठेवा. बरं काही लागलं की स्वर कुलूपबंद करा आणि आता ठेक्यातली एकेक स्टेप हातानं बदला. अ‍ॅक्सेंट आणि स्लाइड सगळ्यात शेवटी आणि स्वतः टाका, सोळात तीन-चार स्लाइड पुष्कळ झाल्या.