पाचगाव-मोरेवाडीकडे फ्लॅट घ्यावा का? 'हद्दवाढ होणार, केएमटी दारात येणार' हे खरं मानावं का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून कोल्हापूरला परत येताय, शहरात जागा परवडत नाही म्हणून हद्दीबाहेरच्या पाचगाव-मोरेवाडी या गावांच्या बाजूला बघताय, आणि एजंट सांगतोय की हद्दवाढ झाली, म्हणजे ही गावं महापालिकेत आली, की केएमटी (महापालिकेची शहर बस) दारात. घर जरूर घ्या, पण हद्दवाढीच्या भरवशावर घेऊ नका. बस आज जिथे थांबते तेवढंच धरून हिशेब करा.

15 डिसेंबर 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली. तेव्हाची हद्द, साधारण 67 चौरस किलोमीटर, तेवढीच राहिली. शहर मात्र वाढतच गेलं. पंचगंगेच्या बाजूला पूररेषा आहे, म्हणून ते दक्षिणेला चढाकडे सरकलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्याकडे पोराटोरांना पाठ आहेत. आम्ही शुक्रवार पेठेत भाड्याने राहायचो. 2019 ला घरात पाणी आलं, 2021 ला पुन्हा आलं. दुसऱ्या वेळी चिखल काढता काढता आई म्हणाली, आता उंचावर जाऊया. तिच्यासारखा विचार खूप घरांनी केला.

आता राजकारण. हद्दवाढीला गावांचा विरोध आहे, तो मला खोटा वाटत नाही. घरफाळा (घरपट्टी) वाढेल, शेतावर रस्त्या-बागेसारख्या कामाचं आरक्षण पडेल, ग्रामपंचायत जाईल आणि साध्या दाखल्यासाठी शहरात खेटे घालावे लागतील, ही भीती खरी आहे. शहराचंही म्हणणं खरं आहे: नोकरी, दवाखाना, बाजार सगळं शहरात, आणि त्याचा खर्च शहराच्या घरफाळ्यातून. केएमटी तोट्यात, तिला पैसे महापालिका देते, आणि गाड्या हद्दीबाहेरच्या गावांतही जातात. म्हणून 'विरोध करणाऱ्या गावांची बस बंद करा' अशी मागणीही शहरातून झाली. मला ती पटत नाही. बस बंद केली तर सरपंचाचं काही अडत नाही, कॉलेजच्या पोरी वडापात, म्हणजे खासगी शेअर गाडीत, दाटीवाटीने बसून जातात.

एवढी वर्षं हे का लटकलं? माझ्या मते उत्तर मतदारसंघात आहे. कोल्हापूर दक्षिण विधानसभेत शहराचे काही प्रभाग आहेत आणि पाचगाव, उचगावसारखी गावंही आहेत. ज्याला दोन्हीकडची मतं हवीत तो ठाम बाजू कशाला घेईल? मग 2017 मध्ये मधला रस्ता म्हणून 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. ते बांधकाम परवानगी देतं, पण बस चालवत नाही. पुढे नोव्हेंबर 2020 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. ज्याच्या दारात जाऊन भांडावं असा नगरसेवकच नव्हता.

याचा परिणाम आम्ही आता हद्दीबाहेर राहतो त्या कॉलनीत बघा. माहितीपत्रकात 12 मीटरचा रस्ता दाखवला होता. प्रत्यक्षात तो शेवटच्या इमारतीपाशी बांधावर संपतो आणि पलीकडे ऊस उभा आहे. नकाशात रस्ता पुढे जातो, पण ती जमीन ज्यांची आहे त्यांना मोबदलाच मिळालेला नाही, मग त्यांनी का द्यावी? बस आत आली तर वळायला जागा नाही, म्हणून ती मुख्य रस्त्यावरच थांबते. तिथून आमचं दार सव्वा किलोमीटर, सगळा चढ. पेठेत असताना आई दर शुक्रवारी चालत अंबाबाईला जायची. आता एकाहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, मला सुट्टी असेल तेव्हा मी गाडीवरून नेतो. महिन्यातून दोनदा झालं तरी खूप. तिने तक्रार कधी केली नाही, पण शुक्रवारी सकाळी लुगडं नेसून गॅलरीत उभी दिसली की मला कळतं.

हे आपल्याच गावात आधी जमलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. कोल्हापूरला रेल्वे 1891 ला आली आणि शाहू महाराजांनी 1895 मध्ये स्टेशनलगत गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. जिथे माल आणि माणसं उतरतात तिथे पेठ. आम्ही उलटं करतोय, आधी चार मजले, मग रस्ता, आणि बसचा विषय सगळ्यात शेवटी. केंद्राच्या योजनेतून कोल्हापूरला 100 ई-बस मंजूर आहेत. पण गाडी नवी असली तरी वळायला तेवढीच जागा लागते.

टोकन देण्याआधी सुट्टीचा वार सोडून एका दिवशी सकाळी साडेआठला त्या इमारतीपासून थांब्यापर्यंत चालत जा, बसने बिंदू चौकापर्यंत या, आणि रात्री नऊला तसंच परत जा. एजंटच्या गाडीत बसून अंतर कळत नाही. परवानगी प्राधिकरणाची आहे का ते कागदावर बघा. गुंठ्यागुंठ्याने नोटरीवर विकलेल्या जागेवरची इमारत असेल तर सोडून द्या, बँक कर्जाला उभं करत नाही. रस्त्याची जागा कुणाच्या ताब्यात आहे हे ज्याचं शेत लागून आहे त्यालाच विचारा, तो खरं सांगतो. आणि घरी म्हातारं माणूस असेल तर चढ आधी बघा, फ्लॅटचं किचन नंतर.

गाव आणि गट नंबर इथे कळवलात तर विकास आराखड्यात रस्ता कुठे दाखवलाय ते मी बघून सांगेन.