धरण भरलेलं, तरी नळ कोरडा कसा? तिळारीच्या पाण्याबद्दल वाचक विचारतात

प्रश्न : तिळारी धरण भरलंय, गेट उघडली, खालच्या गावांना अलर्ट दिला असं पावसाळ्यात आपणच वाचतो. मग डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे चार-चार दिवस पाणी नाही आणि टँकर मागवा, हे कसं काय? पाणी नक्की कुठे जातं?
(एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : ताई, पाणी कुठे जात नाही, ते धरणातच असतं. अडतं ते वाटेत. धरण आहे महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात, आणि तुमच्या नळाला येणारं पाणी शुद्ध होतं गोव्यात, अस्नोड्याला, या दोघांच्या मधे मैलोनमैल कालवा आहे आणि सगळं दुखणं त्या कालव्यात आहे. बऱ्याच ठिकाणी तो मातीच्या भरावावरून नेलाय, वरून काँक्रीटचं अस्तर. वर्षानुवर्षं पाणी खेळलं की अस्तराला भेगा पडतात, पाणी मागच्या मातीत झिरपतं, माती हळूहळू धुपते, वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही आणि एक दिवस भराव धाडकन बसतो. पेपरात येतं ना, कालव्याला भगदाड, ते हेच. मग आधी वरून पाणी बंद करायचं, कालवा रिकामा व्हायची वाट बघायची, भराव घालून दाबायचा, काँक्रीट टाकायचं, ते सुकू द्यायचं, आणि पाणी सोडतानाही एकदम सोडता येत नाही, नाहीतर नवं काम वाहून जाईल. म्हणजे भगदाड दहा-पंधरा मीटरचं असलं तरी तुमच्या बार्देश तालुक्याचे कितीतरी दिवस त्यात जातात.

अशा वेळी आधार असतो तो डिचोलीतल्या आमठाणे धरणाचा. तिथलं पाणी अस्नोड्याला आणता येतं, साळच्या बंधाऱ्यावरून पंपाने आमठाण्यात भरही घालतात. पण आमठाणे छोटं, ते तिळारीची जागा घेऊ शकत नाही. माझं स्पष्ट मत आहे की दर मोसमाआधी कालव्याची तपासणी झालीच पाहिजे आणि तिचा रिपोर्ट लोकांना बघायला मिळाला पाहिजे. फुटल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

प्रश्न : धरण महाराष्ट्राच्या जमिनीवर, चावी त्यांच्या हातात. उद्या त्यांनी मनात आणलं तर आमचं पाणी बंद करू शकतात ना? आपण एवढे अवलंबून का राहिलो?
(एक निवृत्त शिक्षक, डिचोली)

उत्तर : सर, ही भीती पुष्कळांना वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिळारी हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे, १९९० साली त्याचा करार झाला. गोव्याचा हिस्सा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के, आणि सामाईक कामांचा खर्चही याच प्रमाणात वाटून घ्यायचा. म्हणजे जमीन त्यांची असली तरी पाऊण हिश्शाच्या जवळपास पाणी आपलं, आणि ते फुकटात नाही, त्याचे पैसे आपण भरलेत. देखरेखीला दोन्ही राज्यांचं मिळून नियंत्रण मंडळ आहे, तंटा झाला तर आधी तिथे बोलायचं. तेव्हा कोणी एका रात्रीत गेट लावून बसेल असं होत नाही. नळ कोरडा पडला की ‘महाराष्ट्राने पाणी तोडलं’ असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, ते बहुतेक वेळा कालव्याच्या दुरुस्तीमुळे असतं.

आणि अवलंबून का राहिलो म्हणाल तर नदी तीच आहे हो. तिळारी खाली येते तीच आपल्याकडे कोलवाळची नदी, शापोरा होते. वर धरण झालं की खालच्याला त्याच्याशी जमवून घ्यावंच लागतं, नुसतं उन्हाळ्यातच नव्हे तर पावसाळ्यातसुद्धा, कारण जोराचा पाऊस आणि वरून विसर्ग एकदम आला की साळ, इब्रामपूर, हणखणे या गावांत पाणी शिरतं, ऑगस्ट २०१९ मधे ते आपण बघितलंय. म्हणून मी म्हणतो की पाणी कधी किती सोडणार ही माहिती वेळेत पोचणं हाही आपला हक्क समजून मागितला पाहिजे, फक्त टक्क्यांवर भांडून भागत नाही.

आणखी एक, जे आपण गोव्यात फार पटकन विसरतो. या पाण्यासाठी पलीकडची गावं गेली. पाल, पाट्ये, आयनोडे, सरगवे, शिरंगे, केंद्रे. घरं, शेतं, देवळं सोडून ती माणसं उठली, गोव्यात सरकारी नोकरी द्या म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि शेवटी एकरकमी पैसे देऊन विषय मिटवला. मला ते आजही पुरेसं वाटत नाही. आपल्या हिश्श्याबद्दल बोलताना या गावांची नावं तरी तोंडात असायला हवीत.

प्रश्न : म्हादई नदीचं पण असंच अ‍ॅग्रीमेंट का नाही करत?
(कॉलेज विद्यार्थी, साखळी)

उत्तर : कारण तिथे करार नाही, तंटा आहे. तिळारीत दोघांनी बसून आधी ठरवलं, मग बांधलं. म्हादईत तीन राज्यं, आणि कर्नाटकाला पाणी खोऱ्याबाहेर मलप्रभा नदीत न्यायचंय, मूळ विरोध त्याला. २०१० मधे लवाद नेमला, ऑगस्ट २०१८ मधे निवाडा आला, गोव्याला २४ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी खोऱ्याबाहेर नेण्यासाठी. निवाड्याला तिन्ही राज्यांनी सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं.

प्रश्न : कालवा शेताजवळून जातो पण वायंगणाला (हिवाळी भातशेतीला) वेळेवर पाणी मिळत नाही, शेजारी तर जमिनी विकताहेत. करायचं काय?
(शेतकरी, पेडणे)

उत्तर : भाऊ, गोव्याच्या हद्दीतले कालवे आणि पाटचाऱ्या जलस्रोत खात्याकडे येतात, तेव्हा तक्रार तिथल्या इंजिनियरकडे लेखीच द्या, तोंडी नको, आणि पोच घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा पाणी वापर संघातर्फे गेलात तर पाळी कधी, किती दिवस हे आधी ठरवून घेता येतं, लावणीच्या आधीच घ्या. विक्रीचं म्हणाल तर लाभक्षेत्रातली, म्हणजे कालव्याच्या पाण्याखाली येणारी, जमीन शेतीसोडून दुसऱ्या कामाला वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि ती लाभक्षेत्रातून वगळायची असेल तर सरकारला तसा आदेश काढावा लागतो. धारगळला यावरून केवढा वाद झाला ते तुम्ही जवळून बघितलंय. तुमचा सर्व्हे नंबर लाभक्षेत्रात आहे का ते खात्यातून लिहून घ्या, आणि शेजारच्यांनाही विकायच्या आधी ते बघायला सांगा. कोट्यवधी रुपये घालून पाणी बांधापर्यंत आणल्यावर तिथे शेतच उरलं नाही तर त्या ७३ टक्क्यांचं आपण करणार काय, हे पुढच्या ग्रामसभेत जरूर विचारा.