'प्रभाव' म्हटलं की कौतुक झालं का?

ठाण्याच्या एका वाचक बाईंनी विचारलंय: "एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकारावर टिपण लिहितेय. माणूस मला मुळीच आवडत नाही, त्याच्या पत्रांतला वंशद्वेष वाचवत नाही. पण 'भयकथेवर त्याचा मोठा प्रभाव आहे' असं लिहिलं, तर तलावपाळीवरची आमची मंडळी म्हणतात, तू त्याची भलामण करतेयस. दुसरा शब्द आहे का?"

शब्द बदलायची गरज नाही. 'प्रभाव' या नामात कौतुक नाही. कमी दाबाच्या पट्ट्याचाही प्रभाव असतो, त्यापायी स्टेशनबाहेर घोटाभर पाणी साचतं, म्हणून त्या पट्ट्याला कोणी शाल-श्रीफळ देत नाही. घोळ घालतं ते 'प्रभावी' हे विशेषण. प्रभावी भाषण, प्रभावी औषध म्हणजे चांगलंच. तुम्ही 'प्रभावी लेखक' लिहिलं असतंत, तर मंडळींचं बरोबर होतं.

छटा हवीच असेल तर सोबतचं क्रियापद बघा. छाप पडते, ती बहुधा माणसाची, त्याच्या बोलण्यावागण्याची. पगडा बसतो; बसतो म्हटल्यावर थोडी जबरदस्ती आलीच. ठसा उमटतो, आणि एकदा उमटला की उमटवणारा हात तिथे लागत नाही. 'सावट' नको, त्यात निकाल आधीच लागलेला असतो.

मी स्वतः 'वळण' वापरेन. शाळेत आम्हाला शुद्धलेखन घालणारे एक गुरुजी होते. बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे. त्यांच्याविषयी आजही माझ्या मनात माया नाही. पण चेकवर नाव लिहिताना माझ्या 'ळ'ची दुसरी गाठ त्यांच्यासारखीच आत वळते. लव्हक्राफ्टचंही (१८९०–१९३७) तसंच. भूत निदान सूड घ्यायला येतं, म्हणजे आपण कोण ते त्याला ठाऊक असतं. याच्या कथांतल्या शक्तींना माणूस आहे की नाही याचं सोयरसुतकच नसतं. भयकथेला हे वळण त्याने लावलं. वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून त्याच्या चेहऱ्याची प्रतिमा देत असत, ती बंद करायचं २०१५ साली ठरलं. तो मान काढून घेतला, हे योग्यच झालं. पण वळण कुठल्या समितीला ठराव करून काढता येत नाही.

तेव्हा वाक्य असं करा: 'लव्हक्राफ्टच्या लेखनाने भयकथेला वेगळं वळण लावलं.' 'लव्हक्राफ्टने' नाही, 'लव्हक्राफ्टच्या लेखनाने'. षष्ठी कुणाला लावायची हे आपल्या हातात असतं.

आणखी एक, न विचारलेलं. तुमच्या टिपणात सगळीकडे 'त्याने' आहे. त्याला एकेरीत घेतलंत म्हणून राग दिसत नाही. शेक्सपिअरलाही आपण एकेरीतच बोलावतो आणि तुकोबा तर स्वतःलाच 'तुका म्हणे' म्हणतात. मात्र त्याच परिच्छेदात दुसऱ्या परदेशी लेखकाला 'त्यांनी' म्हटलंय तुम्ही. मंडळी तिथे पकडतील.