पोलाद कारखानदार घराण्याच्या कागदांतून घरगुती पत्रे वेगळी काढावीत का?

आजोबांच्या पोलाद कारखान्याचे कागद गावच्या वाड्यात माळ्यावर पडून आहेत. त्यांतील घरगुती पत्रे काढून फक्त धंद्याचे कागद अभिलेखागाराला द्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते काढू नयेत.

कारखानदाराच्या घरात प्रकृतीची चौकशी आणि भट्टीचा विचार बहुधा एकाच पानावर असतो. जमशेटजी टाटांनी १९०२ मध्ये परदेशातून आपला मुलगा दोराबजी यांना लिहिलेल्या पत्रात भावी पोलादनगरीचे रुंद रस्ते, लवकर वाढणारी सावलीची झाडे, हॉकी-फुटबॉलची मैदाने, देवळे, मशिदी आणि चर्च यांसाठी जागा असा तपशील सांगितला होता. तेव्हा कारखान्याची जागाही ठरली नव्हती आणि कंपनी तर १९०७ मध्ये निघाली. हे बापलेकाचे पत्र म्हणून कोणी बाजूला सारले असते, तर जमशेदपूरमागचा हा विचार हिशेबवह्यांतून कळला नसता.

आपल्या भागाचा संबंधही असाच पत्रांतून आणि अहवालांतून उलगडतो. चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाकडे जमशेटजींचे लक्ष १८८२ मध्येच गेले होते, परंतु वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा निघाला नाही. (तो निघता, तर जमशेदपूर कदाचित आपल्याकडेच वसले असते.) पुढे २४ फेब्रुवारी १९०४ च्या पत्रात भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी ओडिशातील मयूरभंज संस्थानातील खनिजाची माहिती कळवली आणि शोधाची दिशाच बदलली. फसलेला शोध ताळेबंदात दिसत नाही. म्हणून नाकारलेली कर्जे, न जमलेल्या भागीदाऱ्या आणि भावाभावांतील वादाची पत्रेही राहू द्यावीत.

गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले आहेत, तो क्रम मोडू नका; रोजमेळात खोचलेली चिठ्ठी त्याच पानात राहू द्या आणि टपालाचा शिक्का असलेली पाकिटे फेकू नका. उधई दिसल्यास कागदांवर औषध फवारू नये. पेट्या भिंतीपासून दूर, लाकडी पाटावर ठेवाव्यात. लॅमिनेशन मुळीच नको. घरातील नाजूक बाबींची चिंता असेल, तर ती पत्रे ठराविक वर्षे कोणालाही दाखवू नयेत, अशी अट देणगीच्या करारात लेखी घालून घ्यावी.