आधी वारा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची वही पोचली. नकाशाही पाहिला. सात बेटं, प्रत्येकावर एक ज्वालामुखी, प्रत्येक राजघराण्याची वंशावळ. चिठ्ठीत विचारलंयस की ड्रॅगन मराठीत शोभेल का, त्याला अग्निनाग म्हणू का, आणि ज्वालामुखी कधी पाहिला नाही तर लिहायचा अधिकार आहे का.

अगो, तुमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. तो जांभा काळ्या दगडापासून झिजून-कुजून झालेला आणि तो काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. घाट चढताना एस्टीच्या खिडकीतून सह्याद्रीच्या पायऱ्या दिसतात ना, ते त्याचेच थर. तेव्हा अधिकाराचं सोड. नावाचंही सोड, ड्रॅगनच म्हण. मला वेगळंच विचारायचंय. तुझ्या बेटांवर वारा कुठून येतो?

पूर्ण वहीत 'भयंकर वादळ' नऊ वेळा आलंय, मी मोजलंय. दिशा एकदाही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू शाळेत होतीस, श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या आडव्या झालेल्या पोफळी तूही पाहिल्यास. त्यांना 'भयंकर' म्हणून काय कळतं? झाड कुठल्या अंगाला पडलं ते सांग, मला घाम फुटेल.

आधी वारा, मग ड्रॅगन. वारा ठरला की राख कुठे पडते ते ठरतं. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असेल तर राख ईशान्येच्या गावांवर. चार महिन्यांनी वारा फिरला की दुसऱ्या अंगाला. म्हणजे तुझी माणसं वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवतील! आपण होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकतो, तशी ती अख्खी गावं झाकतील. हे तुझ्या वंशावळीत कुठे आहे? आणि तुझा ड्रॅगन सपाट पुळणीवरून सरळ वर उडतो, एवढं धूड घेऊन. समुद्रगरुड बघ कधी. खारा वारा कड्यावर आपटून वर चढतो, त्यावर तो पंख न हलवता तरंगतो. रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटली की तो खेळ बंद. म्हणजे तुझ्या ड्रॅगनला कडा हवा, आणि वेळही हवी. रात्री तो लंगडा. कोणाला मारायचाच असेल तर रात्री मारेल.

अंदमानातल्या बॅरन बेटाच्या उद्रेकाची नोंद १७८७ ची आहे. एकोणिसाव्या शतकात तो जो गप्प झाला, तो सुमारे दीडशे वर्षांनी, १९९१ साली जागा झाला. एवढ्या झोपेत पाच-सहा पिढ्या ड्रॅगनला आजीची थाप समजतील. हे फुकट देतोय, घे.

तुझ्या वयात मीही बेटांची कादंबरी लिहिली होती. पहिलं प्रकरण बाबांना वाचून दाखवलं. ते तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, अक्षरओळख जेमतेम. नायक श्रावणात शीड फुगवून किनाऱ्यावरून थेट पश्चिमेला निघतो. बाबा जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "श्रावणात वारो तोंडार येता. मगे ह्या शीड भरलां कोणी?"

ते बाड मी कुठे दिलं नाही. एका प्रकाशकाने मागितलं, तरीही नाही. लोक म्हणाले, मास्तर घाबरले. घाबरलो नव्हतो. दुरुस्त का केलं नाही, असं तू विचारशीलच. शाळा होती, संसार होता. शिवाय दुरुस्ती म्हणजे नुसतं शीड फिरवणं नसतं गो. वारा खरा केला की नायक श्रावणात घरीच बसतो, मग पुढची तीनशे पानं कोणाची? वारा शेवटी घालता येत नाही. म्हणून तुझ्यावर ओरडतोय, राग मानू नकोस. मान हवं तर.

नकाशा परत पाठवतोय. पेन्सिलीने बाण काढणार होतो, पण हात आवरला. नारळी पौर्णिमेला घरी येशीलच. काकांच्या होडीवरची झापं निघाली की एकदा त्यांच्यासोबत जा. शीड गेलं, इंजिन आलं, तरी पहाटे दाराबाहेर पडल्यावर ते चप्पल घालायच्या आधी काय करतात ते बघ आणि मला लिही.

तुझा,
मास्तर