काजव्याचा उजेड आणि मशीनवरचा आकडा

ताई, तुम्ही विचारलंत की परभणीच्या तुमच्या दूध संकलन केंद्रात स्वच्छता तपासायचं एटीपी मशीन आलंय, त्यात म्हणे काजव्याचं काहीतरी असतं, आणि पडद्यावरचा आकडा म्हणजे जंतूंची संख्या का? जंतूंची संख्या नव्हे. आमच्याकडेही पहिले सहा महिने सगळे तसंच समजत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठी काजवा लुकलुकतो ना, त्याच्या पोटात ल्युसिफरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ल्युसिफेरिन (काजव्यातलं उजेड देणारं रसायन), ऑक्सिजन आणि एटीपी यांची गाठ घालून देतं आणि उजेड पडतो. एटीपी म्हणजे पेशीचा रोजचा सुटा पैसा. एटीपी लागतंच, हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ विल्यम मॅकेलरॉय यांनी 1947 मध्ये दाखवलं आणि उजेड मोजून एटीपी मोजायची वाट उघडली. तुमच्या स्वॅबच्या (भांडं पुसून नमुना घ्यायच्या काडीच्या) नळीत हेच विकर आहे. पण एटीपी दुधाच्या साक्यातही असतं, माणसाच्या बोटावरही. म्हणून आकडा मोठा आला तर 'भांडं नीट धुतलं नाही' एवढंच म्हणा. जंतू मोजायचे तर ते प्लेटवर, म्हणजे खाद्य घातलेल्या बशीत, वाढवून मोजावे लागतात.

आता आमची फजिती सांगतो. एकदा टाकीचा आकडा जवळपास शून्य आला. सगळे खूश. मी वाकून वास घेतला तर क्लोरीनचा भपका! टाकी खंगाळलीच नव्हती. क्लोरीननं विकरच मारलं, मग उजेड कुठून येणार? साध्या पाण्यानं दोनदा खंगाळून परत घेतलं, तर आकडा चांगलाच चढला.

संशोधनात हेच विकर वेगळ्या कामाला लावतात. काजव्याचा हा जीन 1985 मध्ये वेगळा काढला. पुढच्याच वर्षी तंबाखूचं रोप त्यानं चमकवलं. एखादा जीन कधी चालू होतो ते बघायचं तर त्याच्या स्विचला ल्युसिफरेज जोडायचं. उजेड दिसला की स्विच चालू. (जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, वेगळं बरं का. ते विकर नाही, त्यावर बाहेरून प्रकाश टाकावा लागतो.)

आणि मे महिन्यात स्वॅबचा डबा खिडकीत ठेवू नका. आपल्याकडच्या 42 अंशांत हे विकर टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, वापरण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा. गार स्वॅबही आकडा कमी दाखवतो.